शमुवेल म्हणजे 'मागितलेला' की 'देवाचं नाव'? जुन्या करारातल्या हिब्रू नावांबद्दल

तांबडी_माती

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने रोज पहाटे बायबलातला जुना करार वाचतोय. मी ख्रिस्ती नाही, यहुदीही नाही. भाषेच्या ओढीने सुरुवात केली आणि आता सोडवत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातच एक गोष्ट लक्षात आली. इथे मूल जन्मलं की आई त्याचं नाव ठेवते आणि त्याच श्वासात ते का ठेवलं हेही सांगते. लेआचं बघा. नवऱ्याचं, याकोबाचं, मन धाकट्या बहिणीकडे, राहेलीकडे. लेआला पहिला मुलगा होतो, ती म्हणते, 'परमेश्वराने माझं दुःख पाहिलं', नाव रऊबेन. दुसरा, 'मी नावडती आहे हे त्याने ऐकलं', नाव शिमोन. तिसरा, 'आता तरी नवरा माझ्याशी जोडला जाईल', नाव लेवी. चौथ्याला मात्र ती नवऱ्याचं नावच काढत नाही. 'आता मी परमेश्वराची स्तुती करीन' म्हणते, आणि नाव यहूदा. चार नावांत एका बाईचा संसार आहे. ही चार वचनं मी त्या दिवशी तीनदा वाचली.

आता माझी अडचण. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात हन्ना नावाच्या बाईला मूल नाही. ती शिलोच्या मंदिरात रडून नवस बोलते, मुलगा होतो, ती त्याचं नाव शमुवेल ठेवते आणि कारण देते, 'मी याला परमेश्वराकडे मागून घेतलं.' एका ख्रिस्ती मित्राकडे प्रार्थनेला गेलो होतो, तिथेही प्रवचनात 'शमुवेल म्हणजे देवाकडे मागितलेला' असंच सांगितलं. शब्दकोशात बघितलं तर 'देवाचं नाव' किंवा 'त्याचं नाव देव'. मागण्याचा कुठे मागमूस नाही. मग हन्नाने जे सांगितलं त्याचं काय करायचं? जाणकारांनी मदत करावी.

चाफेकळी

वाचतेय. मलाही हा प्रश्न पडला होता, विचारायचं धाडस झालं नव्हतं.

निरुक्ताची_वाट

तांबडी_माती, प्रश्न फार चांगल्या जागी आलाय. आधी नावाची घडण बघू, मग हन्नाकडे येऊ.

हिब्रूतली बरीचशी नावं म्हणजे अख्खी वाक्यं आहेत. आपल्याकडे देवदत्त, हरिदत्त असे समास होतात. 'देवाने दिलेला', म्हणजे ते मुलाचं विशेषण झालं. हिब्रूत त्याच अर्थाचं नाव एल्नाथान. एल म्हणजे देव, नाथान म्हणजे 'त्याने दिलं'. कर्ता आहे, क्रियापद आहे, आणि बोललं जातंय ते देवाबद्दल. तेच उलटं केलं की नथनेल. देवाच्या विशेष नावाचं आखूड रूप 'यो' किंवा 'यहो' पुढे लावलं की योनाथान. तेच शेवटी 'याह', 'याहू' होतं. यशया म्हणजे मुळात यशायाहू, 'याहूने तारलं'. यिर्मया, हिज्कीया, जखऱ्या, ओबद्या ही सगळी याच घरातली. ओबद्या म्हणजे 'याहचा सेवक', आपल्या हरिदास, रामदासच्या जवळचा.

काही नावांत क्रियापद अपूर्ण काळातलं असतं. इश्माएल म्हणजे 'देव ऐकतो' किंवा 'देव ऐको'. यहेज्केल म्हणजे 'देव बळ देतो'. काही नावं प्रश्न आहेत, आणि ही मला सगळ्यांत आवडतात. मीखाएल म्हणजे 'देवासारखा कोण?' पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ 'देवासारखा' असा छापलेला दिसतो. ते नावाच्या अगदी उलट आहे. प्रश्नाचं उत्तर 'कोणी नाही' असं आहे, म्हणून तर ते नाव ठेवायचं. मीखा हे त्याच प्रश्नाचं आखूड रूप, फक्त तिथे एलच्या जागी याह होता.

मग इसहाक? यित्सहाक, 'तो हसतो'. कोण हसतो? नावात कर्ता नाही. बरेच अभ्यासक मानतात की मूळ नाव 'यित्सहाक-एल' अशा घडणीचं असावं, देव हसतो, म्हणजे प्रसन्न होतो. कथा मात्र ते हसू माणसांत वाटते. उत्पत्ती १७ मध्ये अब्राहाम पालथा पडून हसतो, १८ मध्ये सारा तंबूच्या दाराआड हसते, २१ मध्ये ती म्हणते, ऐकणारा प्रत्येक जण माझ्याबरोबर हसेल. एका क्रियापदावर तीन अध्याय उभे आहेत.

आता शमुवेल. नावाची घडण शब्दकोशात आहे तशीच, 'देवाचं नाव'. 'मागणे' त्यात नाही. 'मागणे' हा हिब्रू धातू शीन-आलेफ-लामेद, शाआल. त्याचं 'मागितलेला' हे रूप होतं शाऊल. होय, इस्राएलाच्या पहिल्या राजाचं नाव, मराठी बायबलात शौल! पहिल्या अध्यायाच्या शेवटी हन्ना मुलाला मंदिरात सोडताना म्हणते, 'हू शाऊल लाअदोनाय'. म्हणजे 'हा परमेश्वराला दिलेला आहे', पण हिब्रू ऐकणाऱ्याच्या कानावर 'हा शाऊल' हे शब्द जसेच्या तसे पडतात. त्या अध्यायात हा धातू पुन्हा पुन्हा येतो. काही अभ्यासक म्हणतात, ही मुळात शौलाच्या जन्माची गोष्ट होती, नंतर शमुवेलाकडे आली. काही म्हणतात, लेखकाने मुद्दाम पेरलंय. पुढे आठव्या अध्यायात लोक शमुवेलाकडे राजा 'मागतात', आणि तो 'मागितलेला' राजा शौल निघतो. मला दुसरं पटतं. एवढ्या नेमकेपणाने शब्द मांडणाऱ्याला आपण काय लिहितोय हे ठाऊक नसेल असं वाटत नाही.

मळ्याकाठी

निरुक्त, माहितीबद्दल आभार, पण थोडं थांबून बोलतो. मी नगर जिल्ह्यातला, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. आमच्याकडे शमुवेल, याकोब, यशया ही नावं घराघरांत आहेत. माझी आई हन्नाची प्रार्थना तोंडपाठ म्हणायची. तिला कुणी 'शमुवेलचा खरा अर्थ मागितलेला नाही' असं सांगितलं असतं तर तिला ते लागलं असतं. ज्या आईने नाव ठेवलं तिनेच अर्थ सांगितला, त्याच्यावर शब्दकोश कसा काय?

निरुक्ताची_वाट

मळ्याकाठी, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. मी लिहिताना 'खरा अर्थ' हा शब्द टाळला, कारण माझ्या मते इथे दोन वेगळी कामं चालली आहेत. शब्दकोश सांगतो नाव कसं घडलं. हन्ना सांगते ते नाव उच्चारताना तिला काय ऐकू येतं.

आपल्याकडे हे नवीन नाही. ऐतरेय उपनिषदात आत्मा म्हणतो, 'इदम् अदर्शम्', हे मी पाहिलं. म्हणून त्याचं नाव 'इदन्द्र', आणि त्यालाच परोक्षपणे इंद्र म्हणतात, 'परोक्षप्रिया इव हि देवाः', देवांना जणू आडवळणाचं आवडतं. इंद्र शब्दाची व्याकरणातली उकल ही नाही, हे ऋषींना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? यास्कही निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या उकलीच्या ग्रंथात, एकाच शब्दाच्या दोन-दोन, तीन-तीन उकली शेजारी शेजारी ठेवतो आणि एक खरी म्हणून बाकीच्या फेकून देत नाही. आईंना हन्नाचं म्हणणं पाठ होतं, ते तसंच राहू द्या. त्याच्या शेजारी 'शमुवेल' हा शब्द कसा बनला तेही ठेवू.

मळ्याकाठी

इंद्राचं उदाहरण लिहून ठेवलं. असं सांगितलं तर आईलाही चाललं असतं.

एक भर घालतो. नोहाचंही असंच आहे ना? त्याचा बाप लामेख म्हणतो, 'हा आमचं सांत्वन करील', पण सांत्वनाचा धातू नून-हेत-मेम, आणि नोहाच्या नावात फक्त नून आणि हेत, 'विसावा'. सेमिनरीत असताना आमच्या सरांनी हे फळ्यावर लिहून दाखवलं होतं.

निरुक्ताची_वाट

बरोब्बर. रऊबेनही घ्या. सरळ वाचलं तर 'रऊ बेन', 'पाहा, मुलगा!' बाळंतिणीच्या खोलीतून आलेली हाक. लेआ मात्र म्हणते 'राआ बेओन्यी', 'माझं दुःख त्याने पाहिलं'. दोन्ही भरभर म्हणून बघा.

चाफेकळी

म्हणून बघितलं. अंगावर काटा आला.

मोशेचं काय? फारोच्या मुलीने 'मी याला पाण्यातून काढलं' म्हणून मोशे नाव ठेवलं. पण ती मिसरची राजकन्या, हिब्रूत नाव कशी ठेवेल?

खापरतुकडा

याला मी उत्तर देतो. मिसरी भाषेत 'मोसे' हा नावाचा भाग होता, 'जन्मलेला' अशा अर्थाचा. थुतमोस, अहमोस या फारोंच्या नावांत तोच आहे. पुढचं देवाचं नाव गळालं की उरतो मोसे. बहुतेक अभ्यासक मोशे हे नाव असंच मिसरी मानतात. हिब्रू कथेने त्याला 'माशा', म्हणजे ओढून काढणे, या धातूशी बांधलं. गंमत अशी की व्याकरणाने मोशे म्हणजे 'काढलेला' होत नाही, 'काढणारा' होतो. राजकन्येने ज्याला पाण्यातून काढलं, तो पुढे अख्ख्या लोकांना समुद्रातून काढतो. यशया ६३:११ मध्ये हाच अर्थ खेळवलाय असं मला वाटतं.

माझा प्रांत उत्खननाचा, म्हणून पुढचं त्याबद्दल. ही नावं फक्त ग्रंथात आहेत असं समजू नका, ती मातीतून निघाली आहेत. १९३५ मध्ये यहूदा राज्यातल्या लाखीश शहरात खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाचं सैन्य यहूदाचा फडशा पाडत होतं त्या दिवसांतली. त्यातल्या एकात होशायाहू नावाचा अधिकारी आपल्या वरिष्ठाला लिहितोय. होशायाहू, 'याहूने तारलं'. लाखीश तेव्हा काही दिवसांचं सोबती होतं.

१९८२ मध्ये यरुशलेमच्या दाविदनगर भागात एका जळालेल्या घरात पन्नासच्या आसपास मातीच्या मुद्रा मिळाल्या. पपायरसच्या गुंडाळ्यांना दोरी बांधून त्यावर ओल्या मातीचा गोळा दाबायचे आणि शिक्का मारायचे. इ. स. पू. ५८६ च्या आगीत पपायरस गेले, माती भाजून टणक झाली, म्हणून नावं वाचली. त्यातल्या एकीवर आहे 'गमर्याहू बेन शाफान'. आता यिर्मया ३६:१० उघडा. यिर्मयाचा लेखनिक बारूख त्याची गुंडाळी मंदिरात ज्याच्या खोलीत वाचून दाखवतो तो शाफानाचा मुलगा गमऱ्या. तोच हा, असं बहुतेकांना वाटतं.

एक सावधगिरी. बारूखाच्या स्वतःच्या म्हणून ज्या मुद्रा दाखवल्या जातात त्या उत्खननातून आलेल्या नाहीत, बाजारातून आल्या, आणि नंतरच्या तपासणीत त्या बनावट असल्याचा निष्कर्ष काढला गेला. व्याख्यानांतून त्यांचे फोटो अजून फिरतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तांबडी_माती

शाफान म्हणजे काय?

खापरतुकडा

खडकांत राहणारा सशाएवढा प्राणी. नीतिसूत्रात 'दुबळे तरी खडकात घर करतात' म्हटलंय ते हेच. प्राण्यांवरून पुष्कळ नावं आहेत. राहेल मेंढी, योना पारवा, दबोरा मधमाशी, याएल डोंगरी बकरी, सिप्पोरा चिमणीसारखा पक्षी, अखबोर उंदीर. झाडांत तामार खजुरीचं झाड, आणि एस्तेरचं दुसरं नाव हदस्सा, म्हणजे सुगंधी पानांचं मर्टल.

मळ्याकाठी

खापरतुकडा, ईश्बोशेथबद्दल लिहाल का? शौलाच्या मुलाचं नाव 'लाजिरवाणा माणूस' कोण ठेवील?

खापरतुकडा

कुणीच ठेवलं नसणार. २ शमुवेलात तो ईश्बोशेथ, आणि '१ इतिहास' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तोच एश्बाल. बाल म्हणजे धनी, मालक. पुढे तो शब्द कनानी देवाशीच घट्ट बांधला गेला, आणि तेव्हा कुणीतरी नावातला 'बाल' खोडून 'बोशेथ', म्हणजे लाज, घातलं असं मानलं जातं. योनाथानाचा लंगडा मुलगा मफीबोशेथ, तोही त्याच पुस्तकात मरीब्बाल आहे.

पण बाल नावात होता म्हणून तो माणूस मूर्तिपूजकच, असं म्हणता येत नाही. दाविदाबरोबरच्या बन्यामिनी योद्ध्यांत एकाचं नाव आहे बअल्याह, 'याह हाच धनी'! एकेकाळी हा शब्द परमेश्वराला आदराने लावत असावेत. एला खोऱ्यातल्या खिर्बेत केयाफाच्या उत्खननात एका रांजणाचे तुकडे जोडल्यावर त्यावर नाव निघालं, एश्बाल बेन बेदा. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तो शौलाचा मुलगा नाही, बापाचं नाव वेगळं आहे. पण सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी त्या मुलखात लोक हे नाव उघडपणे रांजणावर कोरत होते, लाज वगैरे काही नव्हती. शोमरोनला, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या राजधानीत, १९१० मध्ये मिळालेल्या तेल-द्राक्षारसाच्या पावत्यांच्या खापरांवरही बालाची नावं आणि याहूची नावं एकत्रच आहेत. तिथे उत्तरेकडे 'याहू' ऐवजी 'याव' लिहीत. नुसत्या शेपटावरून माणूस उत्तरेचा की दक्षिणेचा ते ओळखता येतं.

अष्टागरची_लेक

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, या धाग्याने लिहायला लावलं. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली, माहेर अलिबाग तालुक्यातलं, सध्या मुक्काम इस्राएलात अश्दोदला. इथे आमच्या वयाच्या बायका बाजारात अजून मराठीत बोलतात.

आमच्याकडे नावं दुहेरी. आडनाव गावावरून, पेणकर, रोहेकर, केहीमकर, नवगावकर. आणि हिब्रू नावं कोकणी मातीत इतकी मुरली की ओळखू येत नाहीत. मुंबईत मांडवीला १७९६ साली आमचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधणारे समाजी हसाजी दिवेकर. समाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल. 'हेज्क' मधला 'हस' ऐकू येतो का बघा. अब्राहामचा आबाजी झाला. वरचे निरुक्तदादा 'देव बळ देतो' म्हणाले, त्यातला देव आमच्या हसाजीत गळाला आणि त्याच्या जागी 'जी' आला.

दुसरं मला सांगायचंय ते देवाच्या नावाबद्दल. ती चार अक्षरं आम्ही उच्चारत नाही. वाचताना समोर आली तरी 'अदोनाय' म्हणतो. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात, तेव्हा पंधरा लिहिताना दहा आणि पाच म्हणजे 'याह' होईल, म्हणून नऊ आणि सहा लिहायचे, इतकी काळजी. आणि तेच 'याह' माणसांच्या नावांत मात्र दिवसातून शंभरदा हाकारलं जातं. मुलं आडोशाला लपली की आई ओरडते, 'येशायाहू, जेवायला ये!' मला लहानपणी हे कळायचं नाही. आता वाटतं, म्हणूनच ते नावात ठेवलं असेल.

आमचा मलिदा म्हणजे एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे बायबलातल्या एलीया संदेष्ट्याच्या, नावाचं ताट. आमच्या अलिबागकडच्या खंडाळ्याच्या खडकावर त्यांच्या रथाची खूण आहे असं आम्ही मानतो, लहानपणी नवस फेडायला गेलेय तिथे. 'एली याहू', 'माझा देव याहू'. बायबलात कर्मेल डोंगरावर एलियाहूंसमोर जमलेल्या लोकांना शेवटी हेच म्हणायचं होतं, 'परमेश्वर हाच देव'. उत्तर त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या नावातच होतं.

निरुक्ताची_वाट

अष्टागरची_लेक ताई, हे कर्मेलचं माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद.

देव गळून जी येण्याबद्दल: हे फार जुनं आहे. नाथान हा नुसता 'त्याने दिलं', कोणी दिलं ते गळालं. बारूख म्हणजे 'आशीर्वादित', तेही अशाच मोठ्या नावाचं आखूड रूप. याकोबही बहुधा 'याकोब-एल' मधला. घरात हाक मारायला चार अक्षरं कुणाला परवडतात!

चाफेकळी

एक विचारू? इंग्रजीत ही सगळी नावं 'ज' ने सुरू होतात, जेकब, जेरेमाया, जोनाथन. मराठी बायबलात 'य'. मूळ कोणतं?

मळ्याकाठी

मूळ 'य', योद हे अक्षर. ग्रीक आणि लॅटिनमधून इंग्रजीत जाता जाता 'ज' झाला. आपले मराठी भाषांतरकार याकोब, यिर्मया, योना, योएल लिहून मूळच्या जवळ राहिले. येशू हे नावही यहोशवाचंच, 'याह तारतो'. यहोशवाचं येशूआ झालं, ग्रीकांनी शेवटी 'स' लावला, मराठीने तो पुन्हा काढला. आमच्या गोव्याच्या नातेवाइकांचा 'जेजू' मात्र पोर्तुगीजांच्या वाटेने आलाय.

काही ध्वनी मराठीतही हरवले. याकोबच्या मध्ये 'आयिन' आहे, घशातून येणारा. हन्ना, नोहा यांतला 'ह' आपल्या 'ह' पेक्षा खरखरीत. ते लिहायला देवनागरीत अक्षरच नाही.

तांबडी_माती

सगळ्यांचे आभार. आज पहाटे हन्नाचा अध्याय पुन्हा वाचला, 'मागणे' जिथे जिथे येतं तिथे पेन्सिलने खूण केली. आता आठव्या अध्यायापर्यंत तशाच खुणा करत जाणार आहे.

ताई, तुमच्या घरातली अशी आणखी नावं आठवत असतील तर लिहा.

अष्टागरची_लेक

एकच लिहिते. आजोबांचं नाव सिनेगॉगच्या वहीत एलियाहू. तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायला बोलावताना 'एलियाहू बेन अव्राहाम'. गावात तेलाच्या घाण्यावर, तलाठ्याच्या कागदावर, सगळीकडे एलोजी. आजी तर नवऱ्याचं नाव घ्यायचीच नाही. मलिद्याच्या रात्री एलियाहू हन्नाबीचं गाणं सुरू झालं की पदर तोंडाशी धरून त्या एका शब्दाला गप्प राहायची.

दोन वर्षांपूर्वी गावच्या कबरस्तानात गेले होते. दगडावर वर हिब्रूत 'एलियाहू बेन अव्राहाम', खाली मराठीत 'कै. एलोजी आबाजी'. मराठी ओळ पावसाने बरीच झिजली आहे. पुढच्या खेपेला पाथरवटाकडून ती पुन्हा कोरून घ्यायची आहे, 'जी' सकट.